परतीचा तुकडा

लडकूमामांनी उभ्या आयुष्यात कधी रेल्वेचं सिंगल तिकीट काढलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. या एका हट्टापायी माझं त्यांच्याशी जेवढं वाजलं तेवढं सबंध नोकरीत मुख्याध्यापकांशीही वाजलं नाही, आणि मुख्याध्यापकांशी माझं बरंच वाजे.

मी किन्हवलीच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागले तेव्हा मामा तिथे शिपाई म्हणून चांगले मुरलेले होते. उंच, किडकिडीत, खांद्यात जरासे वाकलेले. खाकी शर्टाच्या खिशात चष्म्याचं एक काळं घर असायचं. त्यात चष्मा मी कधी पाहिला नाही. चष्मा कपाळावर चढवलेला आणि घरात कपाटाच्या चाव्या, सुईदोरा आणि कुठे जायचं असलं तर तिकीट. मुलं त्यांना मामा म्हणत आणि मुलांचे बापही मामाच म्हणत. मी साताऱ्याकडची, एकटी, भाड्याच्या एका खोलीत राहणारी, त्यात स्वभावाने तिरसट. आपण होऊन माझ्याशी बोलायला येणारी माणसं गावात फार नव्हती. मामा त्यांतले पहिले, आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर खेकसले.

कारण घंटेचं होतं. माझा तास संपत आला की मामा खिडकीतून फळ्याकडे बघत. उदाहरण सुटून उत्तराखाली रेघ ओढलेली दिसली की ते थांबत. मी नवं उदाहरण घालून निम्म्यावर आले की टोल पडे. आधी मला तो योगायोग वाटला. मग एकदा मी त्यांना खिडकीतच पकडलं.

"मामा, तुम्हाला घड्याळ कळतं ना?"

"कळतं ना बाय."

"मग माझं गणित अर्धं असतानाच घंटा कशी होते?"

"अर्धं रायलं तर पोरं उद्या येतील," मामा म्हणाले. "पुरं झालं का मंग शेतावं पळतात."

भाताच्या लावणीत बाकीच्या वर्गांतले बाक ओस पडत आणि माझ्या वर्गात बऱ्यापैकी पोरं दिसत, हे मात्र खरं. त्याचं श्रेय मी माझ्या शिकवण्याला दिलं आणि विषय संपवला.

शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा मामांचा होता. मुलांच्या राहिलेल्या वस्तू त्यात वर्षानुवर्षं पडून असत. जोडीतली एकच चप्पल, बिजागरी तुटलेल्या कंपासपेट्या, कोणाची टोपी, कोणाचा डबा. मी दर मे महिन्यात तो कप्पा रिकामा करायला निघे आणि मामा दर मे महिन्यात कपाटासमोर उभे राहत. "येईल कोनतरी न्यायला," एवढंच म्हणत. एकदा जूनमध्ये गावाबाहेरच्या वाडीवरचा एक माणूस मुलीचं नाव पाचवीत घालायला आला. मी फॉर्म भरत होते. मामांनी त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, आत गेले आणि झाकणाला पोचा पडलेला अॅल्युमिनियमचा एक डबा घेऊन आले.

"तुजा डबा रे," त्याला म्हणाले. "सावीत सोडून गेलतास."

सहावीत असताना तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला होता आणि मग शाळेकडे फिरकलाच नव्हता. डबा त्याने दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. मुलगी विचारत होती, काय हाय रे बाबा. त्या वर्षापासून मी खालच्या कप्प्याला हात लावला नाही.

आता तिकिटाची गोष्ट. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ एकदा कल्याणला गेला. मुलींबरोबर मी आणि सामान उचलायला मामा. किन्हवलीहून एसटीने शहापूर, तिथून रिक्षांनी आसनगाव स्टेशन, पुढे गाडी. परत येताना एका पालकाचा टेम्पो मिळणार होता, म्हणून मी मामांना बजावलं होतं की फक्त जाण्याची तिकिटं काढा. मामा खिडकीवरून आले ते रिटर्न तिकिटांचा गठ्ठा घेऊन.

"मामा, येताना टेम्पो आहे."

"हाय ना. टेम्पोतच या. पन रिटर्न असू द्या."

"कशाला?"

"सिंगल काडून घर सोडू नये. मानूस तिकडंच रायतं."

"हे कुठे लिहिलंय?"

"यष्टीत रिटर्न देत नाय," मामा माझा प्रश्न बाजूला सारून म्हणाले, "म्हनून तर यष्टीत बसलो का उतरेपर्यंत माजा जीव थाऱ्यावर नसतो."

टेम्पो वेळेवर आला. कुठे बंद पडला नाही, पंक्चरही झाला नाही. सगळ्या मुली सुखरूप घरी पोचल्या आणि परतीचे सगळे तुकडे फुकट गेले. मी पुढे महिनाभर मामांना येताजाता त्यावरून टोमणे मारले. ते हसत आणि म्हणत, "आल्या ना समद्या?"

या वेडाचं मूळ मला चांगुणाबाईंना भेटल्यावर कळलं. चांगुणाबाई म्हणजे मामांची बायको, माहेर मुरबाडच्या बाजूला, माळशेज घाटाच्या रस्त्यावरचं वैशाखरे. बुटकी, गोल, मोठ्याने हसणारी बाई. या दोघांना मूलबाळ नव्हतं. मामा दिवसभरात जेवढं बोलत तेवढं ही बाई माझ्या खोलीचा उंबरा ओलांडताना बोलून मोकळी होई. येताना पदराखाली तांदळाची गरम भाकरी असे. मी एकटीने काय करून खाते याची तिला काळजी होती आणि ती काळजी ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून दाखवे.

ती दोघं वैशाखऱ्याला निघाली होती तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. ओटीवर सूप होतं, सुपात तांदूळ, अर्धे पाखडलेले. बाई पातळ बदलून निघायच्या तयारीत. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, उरकून तरी जा.

"राहू दे गो बाय," ती म्हणाली. "लांब निघताना हातातलं काम अर्धं टाकून निघावं. मंग घर आपल्याला बोलावून घेतं. आमच्यात समदी असंच करतात."

वैशाखऱ्यात सगळेच असं करत की नाही, मला माहीत नाही. पण तिच्या आईने केलं होतं, तिने केलं आणि लग्नानंतर मामांना ते पटलं. एसटीने वैशाखऱ्याला जायचं तर सूप होतंच. रेल्वेने जायचं तर रेल्वे स्वतःच अर्धं काम हातात देते, हा शोध मात्र मामांचा. त्या काळी तिकीट जाड पुठ्ठ्याचं असे. रिटर्नचा अर्धा तुकडा पोचलेल्या स्टेशनात फाडून घेत आणि उरलेला अर्धा यायच्या वेळी लागे. तो अर्धा तुकडा खिशात असला की मामा निश्चिंत असत.

त्यांच्याबरोबर एकदा मी गाडीने कल्याणला गेले होते. चांगुणाबाई बायकांच्या डब्यात बसत नसत, नवऱ्याशेजारी खिडकीशीच बसत. मध्येच त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी ओळखीची दिसली म्हणून उठून गेल्या. मामांनी लगेच खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. कोणी बसायला आलं की म्हणत, "मानूस हाय." डबा निम्मा रिकामा होता. तरी चारदा म्हणाले.

पुढे एका वर्षी भात पोटरीला आलं असताना चांगुणाबाईंच्या पोटात दुखू लागलं. महिनाभर काढे झाले, मग मामा त्यांना कल्याणच्या दवाखान्यात घेऊन गेले. आसनगावला दोन रिटर्न काढली. कल्याणच्या फाटकात जाण्याचे दोन तुकडे दिले. दवाखान्यात पोटात गाठ निघाली आणि बाईंना ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मामा कपडे न्यायला घरी आले ते आपल्या परतीच्या तुकड्यावर. बाईंचा तुकडा चष्म्याच्या घरात राहिला. त्यानंतर मामांच्या खेपा सुरू झाल्या, दर वेळी नवं रिटर्न. बाराव्या दिवशी चांगुणाबाई गेल्या. त्यांना जीपमधून रस्त्याने आणलं.

दहाव्याला मीही नदीवर गेले होते. पिंडाला कावळा शिवेना. चांगुणाबाईंचे भाऊ म्हणाले तुझ्या गायीचं आम्ही बघतो, भावजय म्हणाली वर्षश्राद्धाला माणसं जेवू घालू. कावळे झाडावर बसून होते. ऊन चढलं. मग मामा पुढे झाले, पिंडाजवळ वाकले आणि हळूच काहीतरी बोलले. कावळा आला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कावळ्याला तोवर भूक लागली असेल. येताना मी मामांना विचारलं, काय म्हणालात?

"न्यायला येतो म्हटलं," मामा म्हणाले.

मला वाटलं, माणूस दुःखात काहीही बोलतो.

साधारण चार महिन्यांनी मामांनी एक दिवसाची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर त्यांनी एक पावती ठेवली. रेल्वेच्या दंडाची होती.

"बाय, अर्ज लिव्हायचा हाय."

मामांना दंड होणं म्हणजे आमच्या शाळेच्या घंटेला दंड होण्यासारखं. मी पावती वाचली. प्रवासी दोन. दंड एका स्त्रीबद्दल. शेरा, विनातिकीट.

"ही स्त्री कोण, मामा?"

"कोन म्हंजे? चांगुणा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते कल्याणला गेले, दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आले आणि दुपारच्या गाडीत बसले. खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. टीसी आला. मामांनी चष्म्याचं घर उघडून दोन तुकडे काढून दिले. एक त्यांचा, त्याच दिवशीचा. दुसरा चार महिन्यांपूर्वीचा.

"हे कोणाचं?" टीसीने विचारलं.

"बायकोचं."

"बाई कुठे आहे?"

"संगं हाय."

टीसीला वाटलं, बाई बायकांच्या डब्यात असणार. नवरे दोघांची तिकिटं आपल्या खिशात ठेवतात हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. त्याने तारीख पाहिली आणि म्हणाला, "हे तिकीट केव्हाच संपलं."

"उशीर झाला, सायेब," मामा म्हणाले.

टीसीने तुकडा ठेवून घेतला आणि पावती फाडली. मामांनी एका शब्दाने हुज्जत घातली नाही. उलट त्यांना बरंच वाटलं. सरकारी पावतीवर दोन माणसं लिहिलेली होती. घरी येऊन त्यांनी पुढचा शब्द वाचला तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

मला आधी हसू आलं. ते ओठांवर यायच्या आत माझीच मला शरम वाटली. समोर मामा उभे होते, चष्मा कपाळावर आणि डोळे लाल.

"तिनं जल्मात फुकट परवास केला नाय," ते म्हणाले. "तिकीट काडलं व्हतं. विनातिकीट म्हनायचं नाय तिला. आनि तिकीट परत पायजे."

मी म्हटलं, यात अवघड काही नाही. कागद घेतला आणि झरझर लिहिलं, की अर्जदाराच्या पत्नीचे चार महिन्यांपूर्वी निधन झाले असून सदर दिवशी अर्जदार एकटाच प्रवास करीत होता, सबब दंड रद्द व्हावा. मामांनी कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"हे खोडा."

"का? खरं आहे ना? एवढं लिहिलं की दंड परत मिळेल."

"दंड कोनाला पायजे?" मामा म्हणाले. "ती गाडीत नव्हती असं मी सही करून दिलं, तर मंग त्या दिवशी मी आनलं कोनाला?"

मी त्यांना पुष्कळ बोलले. आता लाज वाटते, पण बोलले. माणूस गेल्यावर तिकीट घेऊन काय करायचंय, म्हणाले. मामा ऐकून घेत उभे राहिले आणि माझं संपल्यावर त्यांनी तोच कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. शेवटी मी त्यांच्या मनासारखं लिहिलं. माझी पत्नी विनातिकीट नव्हती. तिच्या नावाने परतीचे तिकीट काढलेले होते. आजारपणामुळे तिला परत येण्यास उशीर झाला. तरी विनातिकीट हा शेरा काढावा व तिकीट परत मिळावे. चार वाक्यं. मी गणिताची बाई, दोनदा तपासली. खोटं त्यात एकही नव्हतं.

त्या अर्जाला पोच आली. मग कळवण्यात येते की विचार चालू आहे, असं एक पत्र आलं. मग पावतीची प्रत पाठवा, असं एक. प्रत्येक पत्र घेऊन मामा संध्याकाळी माझ्या खोलीवर येत, मी वाचून दाखवी, उत्तर लिही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मामांच्या दारात आता पोस्टमनखेरीज कोणी जात नव्हतं. नातेवाईक आपापल्या भातात गुंतलेले. मामा स्वतः होऊन कोणाकडे जाणाऱ्यांतले नव्हते. जे काही येणं-जाणं होतं ते चांगुणाबाईंच्या तोंडावर चालायचं. एकदा पत्र द्यायला मीच त्यांच्या घरी गेले. ओटीवर सूप होतं. त्यात अर्धे पाखडलेले तांदूळ, वर ताट उपडं घातलेलं. कल्याणला निघताना बाईंनी ठेवलं होतं तसंच. मी पाणी न पिता परत आले. त्या संध्याकाळी माझी खोली मला खायला उठली, आणि माझी जागा मामांच्या घरापेक्षा फार वेगळी नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

शेवटी सुनावणीचं बोलावणं आलं. संबंधित महिला प्रवाशासह कल्याणच्या कार्यालयात हजर राहावे.

मी रजा काढून बरोबर गेले. गाडीत मामांनी खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. मी समोर बसले आणि वाटभर त्यांना पढवत राहिले. साहेब विचारतील, बाई त्या दिवशी गाडीत होत्या का. तुम्ही फक्त नाही म्हणा. एक शब्द. मामा खिडकीबाहेर बघत होते.

साहेब पन्नाशीचे होते, थकलेले, टेबलावर डबा उघडून ठेवलेला. फाइलीत आमचे सगळे अर्ज लावलेले आणि पहिल्या पानाला टाचणीने तो तुकडा. मामांची नजर त्याच्यावर गेली ती तिथून हलली नाही.

"बाई आल्या आहेत का?"

"नाय. त्यांना नाय जमायचं."

"त्या दिवशी गाडीत होत्या का?"

मी मामांकडे पाहिलं.

"व्हत्या," मामा म्हणाले.

"तिकीट चार महिने जुनं आहे. चार महिने बाई कल्याणला काय करत होत्या?"

"दवाखान्यात ठेवलं व्हतं त्यांना."

"मग? बऱ्या झाल्या?"

मामा तुकड्याकडेच बघत राहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. एवढंच केलं मी. साहेबांनी डब्यावर झाकण ठेवलं. बराच वेळ ते फाइल चाळत राहिले, चाळण्यासारखं तीत काही नसताना.

"मामा," ते म्हणाले, "असं करा. त्या दिवशी तुमच्यासोबत कोणी नव्हतं एवढं लिहून द्या. मी आत्ता दंड रद्द करतो."

"तसं नाय लिव्हणार."

"मग दंड कायम राहील."

"राहू द्या. पन तिला विनातिकीट म्हनू नका, सायेब. मी सोता खिडकीवर काडलंय तिचं."

साहेबांनी पेन उचललं. फाइलीतल्या शेऱ्यावर रेघ मारली, वर लिहिलं, मुदत संपलेले तिकीट, आणि सही केली. मग मामांची पावती मागून घेतली आणि तिच्यावरही तसंच केलं. मामांनी चष्मा नाकावर घेऊन ते वाचलं. दोनदा वाचलं.

"तिकीट व्हतं, असं झालं ना ह्याच्यात?"

"हो. तिकीट होतं."

"आनि ते?" मामांनी तुकड्याकडे बोट केलं.

"ते नाही देता येत, मामा. ते फाइलीतच राहणार. नियम आहे."

"म्हंजे हितंच? कल्याणला?"

"हो, इथेच."

मामांनी पावतीची घडी चष्म्याच्या घरात ठेवली, साहेबांना हात जोडले आणि बाहेर आले. जिन्याच्या पायरीवर जरा टेकले. मला वाटलं, दम लागला.

"ती हितंच रायली मंग, बाय," ते म्हणाले.

आयुष्यभर सगळ्यांना तोडून उत्तरं देणारी मी, तिथे कठड्याला धरून उभी राहिले. जाणारे-येणारे आम्हाला वळसा घालून जात होते.

परतीची गाडी दुपारची, डब्यात माणसं तुरळक. मामा बसले, सवयीने खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. टिटवाळ्याला एक म्हातारी चढली, कडेवर नातू. मुलाला खिडकी हवी होती. ती पिशवीकडे बघत म्हणाली, "कोन हाय का रं दादा हितं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"नाय," म्हणाले. "बसा."

आसनगाव येईपर्यंत ते पोर खिडकीच्या गजांना लोंबकळत होतं आणि मामा त्याचा एक पाय धरून बसले होते. त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरावरून गेले तेव्हा ओटी सारवलेली होती आणि सूप भिंतीला टांगलेलं होतं.

यापुढे सांगण्यासारखं फार घडलं नाही. शाळेत घंटा होत राहिली, आता बरोबर वेळेवर. माझं उदाहरण पुरं असो की अर्धं, मामा खिडकीत येईनासे झाले. तेव्हा मला ते फार टोचलं. मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलाने पहिल्या मे महिन्यातच खालचा कप्पा साफ केला. मी सुट्टीत गावी होते, मला उशिरा कळलं. मामा आठवड्यातून एकदा माझ्याकडे चहाला येत. आम्ही दोघं फारसं बोलत नसू. मी करून दिलेलं मेतकूट कसं झालंय ते मला सांगत आणि मी त्यांना पेपरातलं काहीबाही वाचून दाखवी.

मीही निवृत्त झाले आणि साताऱ्याला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. मामा आसनगावपर्यंत सोडायला आले. तोवर ते खूप वाकले होते. कल्याणला मला साताऱ्याची गाडी धरायची होती. मी रांगेत उभी राहणार तर मामा म्हणाले, बसा बाय, आणि स्वतः खिडकीशी गेले. परत येऊन त्यांनी तिकीट माझ्या हातात ठेवलं. आता पुठ्ठा जाऊन कॉम्प्युटरचा पातळ कागद आला होता. आसनगाव ते कल्याण, रिटर्न.

"मामा, मी परत येणार नाहीये. कायमची चाललेय."

"ठावं हाय मना."

"मग?"

"असू द्या," मामा म्हणाले. "उद्या रातच्या बारापर्यंत चालतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तिकीट पर्समध्ये ठेवलं. ते अजून आहे. अक्षरं उडालीत, नुसता कागद राहिलाय. दोन वर्षांनी एका जुन्या विद्यार्थिनीच्या पत्रातून कळलं की मामा गेले, झोपेतच, घरी. मी जायला हवं होतं. भावाच्या घरात तेव्हा लग्न होतं आणि मी गेले नाही. या गोष्टीला मला माफी नाही, आणि ती देणारं माणूसही आता कोणी राहिलेलं नाही.

पण त्या दिवशी आसनगावला गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. मामा फलाटावर खिडकीजवळ आले. हात वर केला नाही. गाडी हलल्यावर ते मागे वळले, जरा चालले आणि फलाटावरच्या बाकाच्या एका कडेला बसले. मी मान वळवून बघत होते. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मामांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि आपल्या शेजारच्या जागेवर ठेवली.